एका धक्क्याचं एकच उत्तर

शिरघळच्या शाळेला पुरस्कार मिळाला तो मुलांच्या खोट्या उत्तरांबद्दल. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणाला निकम सरांची फुकटची कीव यायला नको. तसे निकम सर वाईट नव्हते. उलट भारी शिक्षक. पोरांवर जीव टाकायचे. पण पोरांवर जीव असणं वेगळं आणि विश्वास असणं वेगळं, आणि सरांकडे दुसऱ्या गोष्टीचा ठणठणाट होता.

शिरघळ म्हणजे सह्याद्रीच्या एका खोऱ्यातलं, धरणाच्या पाण्याकाठचं गाव. इथे भूकंपाचं कौतुक कुणालाच नाही. चहा उकळताना धक्का बसला तर बाई पातेलं धरते, धक्का गेला की सोडते आणि साखर घालते. बाहेरचा पाहुणा मात्र अंगणात जाऊन उभा राहतो, आणि मग आठवडाभर गाव त्याला हसतं.

निकम सरांचा भूकंपाचा धडा पंचक्रोशीत गाजलेला होता. टेबलावर एकाला एक चिकटून दोन विटा ठेवायचे, एका विटेला रबर बांधून ओढायचे. रबर ताणलं जायचं, ताणलं जायचं, वीट काही हलायची नाही. पोरं श्वास धरून बघायची आणि खाड्कन वीट सरकायची.

"हाच भूकंप," सर सांगायचे. "खडकाच्या पोटात भेगा असतात. सगळा देशच्या देश वर्षाला दोन-तीन बोटं सरकू बघतो, आणि भेगेच्या कडा एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. ताण साठत जातो. आता त्यात आपलं धरण बघा. पावसाळ्यात धरण भरलं की पाण्याचं ओझं वरून दाबतं, आणि तेच पाणी हळूहळू भेगांत मुरतं. मुरलेलं पाणी आतून कडांना रेटतं, पकड ढिली करतं. मग ज्या भेगेने अजून शंभर वर्षं दम धरला असता, ती आजच घसरते."

"म्हणजे सर, धरणामुळे भूकंप होतो?" एखादं पोरगं हमखास विचारायचं.

"व्हायचा तो होणारच असतो रे. धरण त्याला लवकर उठवतं, एवढंच."

मग सर दोन विटांच्या मध्ये साबणाचं पाणी ओतायचे आणि वीट पहिल्यापेक्षा कितीतरी आधी सरकायची. टाळ्या पडायच्या. तपासणीला आलेले साहेबसुद्धा टाळ्या वाजवून जायचे. तपासणीची सरांची आणखी एक हातोटी होती: प्रश्न विचारला की अख्ख्या वर्गाने हात वर करायचा, येत असेल त्याने उजवा आणि येत नसेल त्याने डावा. साहेबांना हातांचं जंगल दिसायचं आणि सर नेमका उजवा हात हेरायचे. त्यात काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. वर्ग चांगला दिसायला हवा, बस्स.

तर अशा या खोऱ्यात 'साद' आली.

साद म्हणजे भूवेध केंद्राची यंत्रणा. भूकंप कुठे झाला, किती मोठा झाला, हे जमिनीत पुरलेली उपकरणं एका क्षणात सांगत होतीच. पण कुठल्या वाडीत कुठलं घर किती हललं, हे सांगायला घराघरात उपकरण कोण ठेवणार? आणि खरा प्रश्न तर तोच होता. म्हणून केंद्राने मुलांना हाताशी धरलं. धक्का बसला की मुलांनी शाळेत येऊन टॅबवर आपापल्या घरचं सांगायचं. आवाज आधी आला की हलणं आधी? टांगलेलं काय हललं? काय पडलं? उभ्या माणसाचा तोल गेला का? अशी हजारो उत्तरं गोळा करून साद प्रत्येक वाडीखालच्या जमिनीचा नकाशा काढायची. त्या नकाशावर जी वाडी लाल, तिला भोंगा. खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, धरणाच्या भिंतीजवळ पुरलेल्या उपकरणांनी मोठ्या भूकंपाची पहिली, वेगाने पळणारी लाट पकडली, की मागून येणारी घातक लाट वाडीपर्यंत पोहोचायच्या आत तो भोंगा वाजायचा. मिळायचे सात-आठ सेकंद. पण सात सेकंदांत धट्टाकट्टा माणूस चुलीपासून अंगणात येतो, आणि जाताना म्हाताऱ्यालाही उचलतो. जी वाडी हिरवी, तिच्याकडे ना भोंगा, ना मोबाइलवर इशारा. उगाच उठून रोज बोंबलणाऱ्या भोंग्याकडे लोक लक्ष देईनासे होतात, हा त्यामागचा विचार.

मुलं खरं सांगतात की नाही, हे यंत्राला कळणार कसं? त्यासाठी प्रत्येक वर्गाला एक विश्वासांक होता. वर्गाची उत्तरं एकमेकांशी जितकी जुळतील, तितका अंक वर. खरं एकसारखं असतं आणि थापा शंभर तऱ्हेच्या असतात, असा ज्यांनी यंत्र बनवलं त्यांचा हिशेब होता. शहाणी माणसं होती ती, पण बहुधा वर्गावर शिकवायला कधी उभी राहिली नव्हती.

साद आली त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. पहाटे धक्का बसला होता. सहावीच्या वर्गात सरांनी विचारलं, "बोला, कुणाला काय जाणवलं?"

पहिल्या बाकावरून ईश्वरी उठली. ही सरांचीच मुलगी. आई साताऱ्याला नर्स होती, शनिवारी यायची. ईश्वरी बापाजवळ शाळेशेजारच्या खोल्यांत राहायची. घरी बाबा, शाळेत सर, हा नेम तिने पहिलीपासून पाळलेला. "सर, खिडकीची तावदानं वाजली. बाकी काही नाही."

"आमची बी," शिरघळची पोरं म्हणाली.

मग मागच्या बाकावरून तनुजा मरगळे उभी राहिली. तनुजा वरच्या माचीवाडीची, धनगराची पोर. वाडीतली शाळा पट कमी म्हणून बंद झाली तेव्हापासून तिथली मुलं डोंगर उतरून शिरघळला यायची. "सर, आमची मांडणीच पडली. आज्याचा तोल गेला, त्यो उंबऱ्यावर आपटला. आधी जमिनीतनं गुरगुर आली सर, मोठ्ठी."

सरांनी खडू खाली ठेवला. माचीवाडीची पोरं जरा वाढवून सांगतात, असं त्यांचं मत होतं. उशीर झाला की रोज वाटेत बिबट्या आडवा आलेला असायचा.

"तावदानं वाजली आणि मांडणी पडली. भूकंप किती झाले?"

"एकच सर."

"मग एका धक्क्याची उत्तरं किती?"

"एकच!" वर्ग ओरडला.

"का गं तनुजा, तुमच्या वाडीला देव स्पेशल भूकंप पाठवतो काय?"

वर्ग खो-खो हसला. ईश्वरीही हसली. तनुजा मात्र बसायला विसरली, आणि सरांनीही तास संपेपर्यंत तिला बसायला सांगितलं नाही. त्यांनी ईश्वरीचं उत्तर फळ्यावर लिहिलं, सगळ्यांनी टॅबवर तेच भरलं. तनुजानेही भरलं, उभ्या उभ्या.

आता गंमत बघा. भूकंपाची महत्ता, म्हणजे त्याची मूळ ताकद, एक असते, पण तीव्रता, म्हणजे तो कुठे किती जाणवतो, ती जागोजागी वेगळी असते, हे निकम सर स्वतः शिकवायचे. फरक स्पष्ट करा, गुण दोन. त्याचं जिवंत उदाहरण दोन वेण्या घालून समोर उभं होतं, आणि सरांनी त्याला थाप म्हणून उभं ठेवलं.

त्या दिवशी वर्गाचा विश्वासांक टुणकन वर गेला. सरांनी ते पाहिलं. पुढच्या धक्क्यालाही फळ्यावर उत्तर लिहिलं गेलं, त्याच्या पुढच्यालाही, आणि हळूहळू रीतच पडली. चार-पाच महिन्यांनी तर तनुजा विचारायच्या आत उठून म्हणाली, "तावदानं वाजली सर."

"शाब्बास," सर म्हणाले.

माचीवाडीच्या एकाही घराच्या खिडकीला तावदान नव्हतं.

दोन वर्षं गेली. शिरघळच्या शाळेचा विश्वासांक सगळ्या खोऱ्यात पहिला आला. 'आदर्श वेध शाळा' असा पुरस्कार जाहीर झाला, ईश्वरीची बालनिरीक्षक म्हणून निवड झाली, गावाने फलक लावला. समारंभ आणि नकाशा पक्का करणं, दोन्ही कामं घेऊन भूवेध केंद्राच्या डॉक्टर फरीदा मुजावर शाळेत आल्या. पस्तिशीच्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. सरांना फार मान द्यायच्या.

त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर नकाशा उजळला. शिरघळ हिरवं. वर डोंगराच्या टप्प्यावर माचीवाडी, तीही हिरवी.

"सर, तुमच्यामुळे माझं काम किती सोपं झालं म्हणून सांगू," चहा घेत त्या म्हणाल्या. "ही माचीवाडी बघा. मला हिची फार काळजी होती. जुन्या पाहणीत ती सगळी माची म्हणजे कधीकाळी कोसळलेल्या दरडीचा भराव आहे असं निघालं होतं. खाली कातळ, वर भुसभुशीत माती. अशा मातीत लाट शिरली की तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. तुमच्या शाळेखालच्या नुसत्या कातळात जो धक्का जेमतेम कळतो, तो तिथे दुप्पट-तिप्पट बसायला हवा. मी तर भोंग्याचा खांबसुद्धा मागवून ठेवला होता."

"मग?" सरांनी विचारलं.

"मग काय, माचीवाडीची मुलं दोन वर्षं सांगताहेत, फक्त तावदानं वाजतात. म्हटलं, पाहणी चुकली असेल, मुलं कशाला खोटं बोलतील? तो भोंगा आता पलीकडच्या काठाला देतोय. बरोबर ना सर?"

"हो ना," निकम सर म्हणाले.

नुसतं 'हो ना' म्हणाले आणि बशीत चहा ओतला. तनुजा उभी होती ती जागा डोळ्यांपुढे आली होती. आणि तरी तोंडातून निघालं ते 'हो ना'. पुढे खूप दिवस त्यांना स्वतःची याचीच लाज वाटायची, की मुलांचं सोडा, बाईंनी सरळ विचारलं तेव्हाही आपण त्यांना हवं तेच उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना धक्क्याने संधी दिली. सकाळी बऱ्यापैकी हादरा बसला. आठवीच्या वर्गात सरांनी फळा कोरा ठेवला.

"आजपासून प्रत्येकाने आपापलं लिहायचं. जे जाणवलं तेच."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "सर, फळ्यावर लिहा की," एकजण म्हणाला. "सर, चुकलं तर?" दुसरा. "सर, परीक्षेला हाय का हे?"

"चूक-बरोबर काही नाही रे. तुझ्या घरी काय झालं, ते."

ही भाषा त्यांना कळेचना. सर तनुजाच्या बाकाजवळ गेले. "तनुजा, तुमच्याकडे सकाळी काय पडलं?"

तिने सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ईश्वरीकडे, मग परत सरांकडे. "काय नाय सर. तावदानं वाजली."

"तुमच्या घराला तावदानं आहेत का गं?"

आता यात काय फसवाफसवी आहे ते तिला उमगेना. ती घाबरली. "आहेत सर," ती म्हणाली.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरोबर उत्तरासाठी पोरीने घराला खिडक्या बसवल्या होत्या.

रविवारी ते डोंगर चढून माचीवाडीला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तनुजाचा बाप जानबा मरगळे म्हशीचं दूध काढून येत होता, सरांना बघून बिचाऱ्याची तारांबळ उडाली. घोंगडं अंथरलं गेलं. म्हैस नुकती व्यालेली होती, ताटात भाकरी आणि खरवसाची भलीमोठी वडी आली. कोपऱ्यात तनुजाचा आजा घोंगडं पांघरून बसला होता.

"जानबा, तुमच्याकडे धक्के कसे बसतात?" सरांनी विचारलं.

जानबा संकोचला. "आमाला जास्त वाटत्यात सर. पर पोरगी म्हनती, शाळेत शिकवलंय, सगळीकडं सारखंच हालतं. मंग आमीच अडानी. म्हाताऱ्याला तर म्या सांगून ठिवलंय, आबा, तुला चक्कर येती, तू बसूनच ऱ्हा."

सरांनी घास परत ताटात ठेवला. काय बोलावं याचा विचार करत होते तेवढ्यात जमिनीतून गुरगुर आली. वाटेने जड ट्रक येतोय असं वाटावं तशी. पण वर ट्रक कुठून येणार? मग ताट थरथरलं. ताटातली भाकरी होती तशी राहिली आणि तिच्याच शेजारचा खरवस लटालटा हलू लागला. सर त्या ताटाकडे बघतच राहिले. मांडणी पुढे झुकली, तांबे-पातेली धडाधड खाली आली, आढ्यातून माती गळली. निकम सर ताट टाकून अंगणात पळाले.

मागे वळून पाहिलं तर घरातली माणसं शांतपणे भांडी गोळा करत होती. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी खांब धरला होता. तनुजा दारात येऊन उभी राहिली. वर्गातल्यासारखीच, खाली मान घालून. जणू तिच्याच घराने सरांसमोर काहीतरी आगाऊपणा केला होता.

"सर, चूक झाली, मांडनीला खुटी ठोकायला पायजे हुती," जानबा म्हणाला.

त्या माणसाने माफी मागितली! सरांना वाटलं, पुन्हा एक हादरा यावा आणि आपण इथेच गडप व्हावं. खाली उतरल्यावर त्यांनी फोनवर साद उघडली आणि शिक्षक या नात्याने माचीवाडीची नोंद भरली. क्षणभर चक्र फिरलं. मग अक्षरं आली: ही नोंद शाळेच्या विश्वसनीय नोंदींशी जुळत नाही, ती विचारात घेतलेली नाही.

दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा खरं लिहिलं होतं, आणि त्यांच्याच खोट्याने ते परतवून लावलं.

मग फरीदाबाईंना फोन लावण्यावाचून इलाज उरला नाही. पण शेवटची पळवाट शोधल्याशिवाय माणूस कबूल होतो कुठे? "मॅडम, मला वाटतं आमच्या टॅबमध्ये काहीतरी बिघाड असावा," सर म्हणाले.

"असं असेल तर टॅब मागवून घेते. तपासणीला दिवाळी उजाडेल बघा."

"आणि तोवर नकाशा?"

"तोवर हाच. का हो सर?"

धरण निम्म्याच्या वर भरलं होतं. श्रावण संपत आला होता. पाणी पूर्ण चढून भेगांत मुरलं की काय होतं, हे विटा आणि साबणाचं पाणी घेऊन त्यांनी स्वतः शेकडो पोरांना दाखवलं होतं.

"मॅडम, टॅब चांगले आहेत," सर म्हणाले. "उत्तरं मी फळ्यावर लिहून देत होतो. सगळी. पहिल्या महिन्यापासून. माचीवाडीची मुलं खरं सांगत होती, मी त्यांना गप्प केलं."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सर," शेवटी बाई म्हणाल्या, "माझ्या हातात पाहणी होती. ती बाजूला ठेवून मी तुमच्या मुलांवर विश्वास ठेवला."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पुढचं सांगितलं. शाळेच्या सगळ्या नोंदी रद्द कराव्या लागतील, एकही ठेवता येणार नाही. पुरस्कार जाईल. मग माचीवाडी नकाशावर कोरी होईल, आणि कोऱ्या जागेला जुनी पाहणी लागू होते. म्हणजे भोंगा बसेल. "खरं कारण माझ्यापाशीच राहील," त्या म्हणाल्या. "गावाला तुम्ही काय सांगायचं ते तुम्ही बघा."

गावाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. 'काहीतरी तांत्रिक आहे,' एवढं पुटपुटले. फलक उतरवला गेला. फक्त ईश्वरीला घरी बसवून सगळं सांगितलं. तिचं ऐकून झालं तसे तिचे डोळे भरले.

"पण बाबा, माझं उत्तर खरं होतं. आपल्याकडे तावदानंच वाजायची."

"हो गं. तुझं खरंच होतं."

"मग माझं का पुसलं?"

"सगळ्यांच्या नावावर मी तेच लिहिलं ना. आता त्यातलं कुठलं खरं, हे यंत्राला कसं कळणार?"

"तुम्ही माझ्या खऱ्याचंसुद्धा खोटं केलंत," ती म्हणाली आणि आत निघून गेली. तिने पुढे बरेच दिवस त्यांना घरीही सरच म्हटलं. पोरीच्या जातीने मारलेला टोला होता तो, आणि तो नेमका बसला.

भाद्रपदात भोंगा बसला. माचीवाडीचे लोक खांबाला हळदकुंकू वाहून आले. आणि गौरी-गणपती होऊन गेल्यावर एका दुपारी, शाळा भरलेली असताना, मोठा भूकंप झाला. शिरघळच्या कातळावरसुद्धा माणसं भिंती धरून उभी राहिली. शाळेत कुणाला काही झालं नाही, पण हादरा थांबल्यावर माचीवाडीची पोरं डोंगराकडे तोंड करून रडायला लागली. वर धुरळ्याचा लोट उठला होता.

सर त्यांना घेऊन धावत वर गेले. वर पोहोचले तेव्हा निम्मी वाडी आडवी झाली होती. जानबाच्या घराच्या दगडांचा ढीग पडला होता. आणि समोरच्या माळावर सगळी वाडी बसलेली होती, बायका, पोरं, म्हातारी माणसं. तनुजाचा आजाही, जानबाने खांद्यावर टाकून आणलेला. काही म्हशी दावणीलाच दगावल्या. माणूस एकही नाही. भोंगा वाजला होता, माणसं बाहेर आली होती. सर खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. सर किती मायेचे, असं लोक म्हणाले.

शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवशी आठवीच्या तासाला जानबा वाडीतल्या चार माणसांना घेऊन वर्गाच्या दारात आला. हातात नारळ, खांद्यावर नवं कोरं काळं घोंगडं.

"सर, तुमचा सत्कार हाय," तो म्हणाला. "आमच्याकडं शाल न्हाय, पर घोंगडं आमच्या घरात इनलेलं हाय. त्या रईवारी सर आलं, डोळ्यांनी बघितलं आन् भोंगा आनला. माजा बाप सरांच्यामुळं जित्ता हाय. पोरांनो, टाळ्या वाजवा."

पोरांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. जानबा घोंगडं उलगडत पुढे आला. नुसतं दोन मिनिटं गप्प उभं राहायचं होतं. घोंगडं खांद्यावर पडलं असतं, नारळ हातात आला असता, आणि कुणाला काही कळलं नसतं. पहिल्या बाकावरून ईश्वरी त्यांच्याकडे बघत होती. ती एकटी टाळ्या वाजवत नव्हती.

"थांबा जानबा," निकम सर म्हणाले. "ते अंगावर घालू नका. तुमची पोर दोन वर्षांपूर्वी या वर्गात सांगत होती, मांडणी पडली, आजा पडला. मी तिला खोटी ठरवलं. सगळ्यांसमोर हसलो तिला, तासभर उभी केली. माझ्यामुळे तुमच्या वाडीला भोंगा मिळणार नव्हता. मी आणला नाही तो, मीच अडवला होता. आधी कबूल झालो असतो तर कधीच बसला असता."

जानबाचे हात तसेच राहिले. त्याला ते पटेना, की समजेना, कोण जाणे. तो लेकीकडे वळला. "खरं का गं?"

तनुजा उठली. आणि उठल्याबरोबर तिने पाहिलं ते निकम सरांच्या तोंडाकडे. काय म्हणायचं ते वाचायला.

ते त्यांना सहन झालं नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि फळ्याकडे तोंड करून उभे राहिले.

मागून तनुजाचं बोलणं ऐकू आलं, आधी बारीक, मग चढत गेलेलं. "खरं हाय. मला उभं केलं हुतं. समदी हसली. मंग मी बी त्यांच्यासारखंच लिवायला लागले. घरी आजा पडायचा आन् मी त्याला म्हनायचे, तुला चक्कर येती." तिचा श्वास लागला. "मला सरांचा लई राग येतो."

पावलं वाजली. सरांच्या शेजारी, टेबलावर काहीतरी जड ठेवलं गेलं.

"घोंगडं हितं ठिवतो सर," जानबाचा आवाज आला. "माघारी न्यायची रीत न्हाय आमच्यात."

तो अंगावर घाला म्हणाला नाही. चहालाही थांबला नाही. माणसं गेल्याचा आवाज अंगणातून येत राहिला आणि थांबला.

सरांनी न वळताच सांगितलं, "टॅब काढा. परवाच्या भूकंपाचं ज्याचं त्याने लिहा."

थोडा वेळ नुसती चुळबुळ ऐकू आली. मग कुणीतरी म्हणालं, आमचं कौल पडलं. दुसऱ्याने म्हटलं, तुमच्याच शेजारी तर आम्ही, आमचं एक पण पडलं नाय. असं कसं, थापा मारतो काय? तू ये बघायला घरी! तनुजा कुणालातरी गुरगुर कशी येते ते तोंडाने काढून दाखवत होती, ईश्वरी म्हणत होती, आमच्याकडे नाही आली, खरंच नाही आली, आणि तनुजा म्हणत होती, मंग तसं लिव की. बघता बघता वर्गात बाजार भरला. शेजारच्या वर्गाच्या बाई दारातून डोकावून गेल्या.

एरवी या गोंगाटावर सरांनी छडी आपटली असती. आज ते खडूचे डाग पडलेल्या काळ्या फळ्याकडे बघत उभे राहिले. तास संपल्याची घंटा होईपर्यंत पोरांकडे तोंड करायचं त्यांना धाडस झालं नाही.